नावाड्याची पोर घरी पोचली का?

रविवारी दुपारी लेकीसोबत टीव्हीवर एक जुना पिक्चर बघत बसले होते आणि एकदम चरकलेच... हा शेवट मी कधी पाहिलाच नव्हता!

आमच्या ताईच्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट. उमापुरात केबल नुकतीच आली होती आणि हिंदीत डब केलेल्या एका इंग्लिश पिक्चरच्या पहिल्या दोन भागांनी आम्हा बहिणींना पार वेड लावलं होतं. एक राक्षस अख्खी नदी चोरून नेतो आणि नावाड्याची पोर ती परत आणायला निघते... उंबऱ्यात उभ्या आईला "येतेच" म्हणून.

तिसरा, शेवटचा भाग बीडच्या टॉकीजला लागला तोवर ताईची सुपारी फुटली होती. सासर शिरूर कासारचं. "अप्पा, एवढा शेवट बघू द्या, मंग कुठं बी पाठवा," ती म्हणाली. आमचं किराणा दुकान, अप्पांना पिक्चरचं वावडं... पण त्या दिवशी हसले.

मग बस्त्याचाच दिवस साधला. दोन्हीकडच्या मंडळींनी कापड दुकानात साड्यांचे ढीग उपसले, शालूच्या रंगावरून रुसवेफुगवे झाले. पाहुणे गेल्यावर अप्पा गाठोडी घेऊन टॉकीजसमोरच्या हॉटेलात बसले. "जा पोरींनो, बघून या. म्या हितंच हाय."

काय पिक्चर होता! ताईनं माझा हात एवढा दाबून धरला होता की बांगड्या रुतल्या. राक्षस पडला, नदी सुटली, शिट्ट्यांनी टॉकीज दणाणलं आणि पडदा काळा झाला.

आता आमच्याकडची रीत अशी, की व्हिलन मेला म्हणजे पिक्चर संपला! अख्खं पब्लिक उठलं, डोअरकीपरनं धाडधाड दारं उघडली, ऊन थेट पडद्यावर... मीही चपला शोधत गर्दीबरोबर बाहेर.

एसटीत ताई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. गेवराई आल्यावर म्हणाली, "पोचली असंल का गं ती घरी?" नदी आणली म्हणजे पोचली असणारच की, मी म्हटलं.

आणि रविवारी कळलं... त्या काळ्या पडद्यानंतर बराच पिक्चर शिल्लक होता. ती पोचते. नदी भरून वाहत असते, पण नाव दुसराच कुणी चालवत असतो. आई तिला बघून खूप रडते, आणि मग पाहुणीला द्यावं तसं आधी पाणी आणून देते.

मला ताईच आठवली. गेल्या दिवाळीला ताई माहेरी आली, तेव्हा तिचं कपाट भावाच्या पोरांच्या दप्तरांनी भरलेलं होतं. ती परत निघेपर्यंत तिची बॅग कोपऱ्यातच राहिली. ती काही बोलली नाही... बोलायची सवयच नाही तिला.

राहवेना, फोन लावला. "ताई, आपण उठलो तवा पिक्चर संपलाच नव्हता गं!" तिच्याशी बोलताना माझीही भाषा घरची होते.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "दारातून मागं वळून बघितलं तर पडदा परत उजळला व्हता."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"समोर अप्पा उभे व्हते. दोन्ही हातांत माझीच गाठोडी... गाडी चुकली असती. काय बोलणार?"

एवढीशी तर गोष्ट... पण त्या घरातून निघताना तिनं तेवढीच मागितली होती. अर्धवट पिक्चर मनात घेऊन ती इतकी वर्षं नांदली. आम्हाला मात्र वाटत राहिलं, की पोरीची हौस पुरवली. फार हळहळ वाटली हो...

मग तिनंच हळूच विचारलं, "पोचती का ती घरी?"

"पोचती की," मी म्हटलं. "आई दारातच उभी असती."

पाण्याचं नाही सांगितलं.