भूकंपाच्या धड्यातली आकृती

सत्तार गेल्याचं रुबीनावहिनींनी नांदेडहून फोनवर सांगितलं. "निघतो," म्हणालो आणि बसूनच राहिलो... काही कबूल करायचं राहिलं होतं.

भूकंपात माझी धाकटी बहीण सुमी गेली. त्यानंतर मी गाव सोडून लातूरला आलो. क्लासेसच्या गल्लीत एका खोलीत मी आणि अहमदपूरचा सत्तार. मी सायन्सला, डॉक्टर व्हायला निघालेला. तो आर्ट्सला, जन्मापासून अंध. त्याचं भूगोलाचं पुस्तक मी कॅसेटवर वाचून द्यायचं, असं ठरलेलं. पहिल्याच आकृतीला मी म्हणालो, "डोंगराचं सुंदर चित्र आहे." तो खदखदून हसला. "दिन्या, सुंदर हाय का न्हाई ते माझं मी ठरवतो की! काय हाय, कुठं हाय, बाण कुणीकडं चाललाय, तेवढं सांग." मग मी सांगायचो आणि तो चादरीवर बोटानं काढून बघायचा. ज्वालामुखीला मी झाकण उडालेलं पातेलं म्हणालो, तेव्हा त्यानं पाठीत गुद्दाच घातला. "आता दिसला बघ!"

पण पाचला माझा फिजिक्सचा क्लास. उशीर झाला की मागचा बाक, तिथून फळा दिसत नसे. म्हणून मी आकृत्या सोडू लागलो. "पुढे आकृती आहे," म्हणायचं, पान उलटायचं. भूकंपाच्या धड्यातलीही तशीच सोडली. बारावीला नेमका तिच्यावर प्रश्न आला. पेपरानंतर सत्तारनं मला चहा पाजला. मी तो पिऊन उठलो... मी डॉक्टर झालो नाहीच. तो मात्र नांदेडला अंध मुलांचा लाडका मास्तर झाला.

चाळिसाव्या दिवशी नांदेडला वहिनींनी त्याचा टेप आणि कॅसेटची पिशवी पुढ्यात ठेवली. "पोरांना ह्याच ऐकवायचे, भाईजान." बटण दाबलं. माझा कोवळा, घाईतला आवाज : "पुढे आकृती आहे." आणि त्यामागं सत्तारचा, सावकाश. नव्या कॅसेटवर उतरवून घेताना, कुणाकुणाला विचारून त्यानं एकेक आकृती स्वतः भरली होती. भूकंपाच्या धड्याशी मात्र तो थांबला. "पोरांनो, ह्यात दिन्याची बहीण गेली. त्याच्यानं सांगवलं नसंल. ही जागा त्याच्यासाठी ठेवू." पुढं नुसती खरखर.

तो टेप आता माझ्या टेबलावर असतो. परवा जुनं पुस्तक मिळवलं आणि त्या खरखरीवर बोललो :

"पोरांनो, मी दिन्या. ही आकृती मी दुःखानं सोडली नव्हती. क्लासला उशीर होत होता. आता सांगतो. मधोमध, जमिनीखाली, एक ठिपका आहे. बाण बाहेर चाललेत. ठिपक्याभोवती वर्तुळं, बांगड्या एकात एक ठेवल्यासारखी. सगळ्यात आतली लहान आहे... सुमीच्या मापाची."