‘वर्द’ म्हणजे वर्दी नव्हे

आमच्या घराण्यात कासरा किंवा स्टिअरिंग कधीच न धरलेला पुरुष मी एकटाच. आजोबा गुळाच्या बैलगाड्या घेऊन घाट उतरत. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, सांगलीची हळद तीस वर्षे ट्रकने अहमदाबादेपर्यंत पोचवली. थोरल्या भावाने हीच परंपरा समुद्रापार नेली. दुबईतल्या एका वाहतूक कंपनीचा ट्रेलर तो तरीफमार्गे वाळवंटातल्या लिवा गावाच्या पलीकडे, तेलविहिरींच्या कामांवर नेत असे. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि मध्ये वाळू रस्त्यावर आली तर ती म्हणेल तितके दिवस. मी कायद्याचे पहिले वर्ष उत्तीर्ण होऊन तिथेच थांबलेला माणूस. दादाच्याच शब्दावर मला त्या कंपनीत विमा, अपघात आणि दंड यांचे टेबल मिळाले. तो मला ‘वकील’ म्हणे, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणाच जास्त असे.

मालाच्या फेरीला आमच्या घरी ‘वर्दी’ म्हणत. ‘आण्णा वर्दीवर गेलेत,’ असे आई दारात आलेल्या माणसाला सांगे, तेव्हा तो एखादा सरकारी हुद्दा वाटे. दादाने हा शब्द दुबईतही रुजवला. अल कूजच्या आमच्या यार्डात पठाण आणि मल्याळी ड्रायव्हरसुद्धा ट्रिप-शीटला वर्दी म्हणू लागले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने एक परिपत्रक काढले. ज्या ड्रायव्हरच्या नावावर त्याच्या हलगर्जीपणामुळे वाहतूक गुन्ह्याची नोंद होईल, त्यास लांबच्या रस्त्यावरून काढून शहरातील सिमेंटच्या फेऱ्यांवर नेमावे, असा त्याचा आशय होता. मसुदा माझा होता. ‘हलगर्जीपणामुळे’ हा शब्द मॅनेजरसाहेबांना फालतू वाटला होता. तो मी वाद घालून ठेवून घेतला. दादाला मी परिपत्रक वाचून दाखवले. त्याने शांतपणे चहा संपवला आणि मला सांगितले, की त्याला शहरात घातले तर तो दुसऱ्या दिवशी गावाला जाईल. सिग्नलला उभे राहायला तो इतक्या लांब आलेला नव्हता. तो बोलेल तसे करणारा होता, हे मला ठाऊक होते.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला दादाची वर्दी सकाळीच निघायची होती. मी आदल्या संध्याकाळी बर दुबईतल्या देवळाच्या गल्लीतून झेंडूचा हार आणला. ट्रेलरचे तोंड रुंद, म्हणून फुलवाल्याकडून दोन हार एकत्र ओवून घेतले. सकाळी यार्डात गाडी धुतली गेली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवले. यार्डाचा पठाण चौकीदार पेढा तोंडात टाकून ‘मुबारक, मुबारक’ म्हणत सगळ्यांशी हात मिळवत होता. एका सरदारजी ड्रायव्हरने आपल्याही गाडीला कुंकू लावून घेतले. हार मी स्वतः बांधला, या आरशापासून त्या आरशापर्यंत. दादाने गाडीपुढे वाकून एकदा खाली पाहिले, मग चढून बसला आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर दंडाची पावती आली. गाडी दादाची. पुढची नंबर प्लेट दिसत नसल्याचा गुन्हा, आणि शेरा अरबीत, हाताने लिहिलेला. दंडाची रक्कम किरकोळ होती. नोंद किरकोळ नव्हती. माझा पारा चढला. वाळूच्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाची प्लेट धुळीने माखते, हे समजायला कुठल्या विद्यापीठाची पदवी लागते? मी त्याच दुपारी वाहतूक पोलिसांना चार पानांचे पत्र लिहिले. सात कलमे, त्यातले तिसरे केवळ वाऱ्याच्या दिशेबद्दल. दादाला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, जाऊ दे. मी म्हणालो, जाऊ देणे हा शब्द कायद्यात नाही.

पत्राला उत्तर आले नाही, तेव्हा त्या शेऱ्यावरच हल्ला करायचे मी ठरवले. चौकीदार रोज कुराण वाचत असे. अरबी कळत नव्हती, पण अक्षरे लागत होती. त्याने पावती उजेडाला धरून वाचले, ‘वाव, रे, दाल. वर्द.’

मला हसूच आले. वर्दी. म्हणजे पोलिसाचा आक्षेप धुळीवर नव्हताच, फेरीच्या कागदांवर होता. मी दादाच्या त्या महिन्याच्या जाण्याच्या आणि येण्याच्या सगळ्या ट्रिप-शीट काढल्या, प्रत्येकीवर शिक्का घेतला आणि दुसरे पत्र लिहिले: आमची वर्दी सर्वार्थाने नियमानुसार होती, सोबत अठरा प्रती जोडल्या आहेत, आणि यापुढे शेरे लिहिताना संबंधितांनी काळजी घ्यावी. टायपिंग सेंटरवाल्याकडून त्याचे अरबी भाषांतर करून घेतले. पावती त्याला दाखवण्याची गरज मला वाटली नाही. घरी ऊद मेथाच्या शाळेचा अभ्यास करत बसलेली माझी मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली, ‘बाबा, इट्स अ ट्रॅफिक फाइन. नॉट द सुप्रीम कोर्ट.’

या पत्राचे उत्तर मात्र तत्काळ आले. वाहतूक पोलिसांच्या साहेबांनी भेटायला बोलावले होते.

अधिकारी तरुण होता, अंगात पांढरा स्वच्छ कंदुरा, तो पायघोळ अरबी झगा, पुढ्यात माझी दोन्ही पत्रे. त्याने मला कावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजली, खजूर पुढे केला आणि मोडक्या हिंदीत विचारले, की फुलांसाठी अठरा कागद कशाला जोडलेत. मी विचारले, कसली फुले. त्याने पावतीवरच्या शेऱ्यावर बोट ठेवले.

‘वर्द, हबीबी. वर्द, फूल. वर्दी-बिर्दी नहीं.’ मग दोन्ही हात एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नेत त्याने हवेत एक भलामोठा हार काढला, आणि मधला झोल पोटाशी आणून थांबवला. तिथेच प्लेट होती.

तो झोल माझा होता. दोन हार मी ओवून घेतले होते, गाठ मी मारली होती, आणि दादाने पुढे वाकून जे पाहिले होते तेही आता मला कळले.

मी तिथेच कोरा कागद मागितला आणि तिसरे पत्र लिहिले: गुन्हा मान्य, गुन्हेगार ड्रायव्हर नसून खाली सही करणारा. अधिकाऱ्याने ते कुणाकडून तरी वाचून घेतले आणि अदबीने समजावले, की रस्त्यावर प्लेटची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याचीच. कायदा त्याच्या बाजूने होता. दंड कायम राहिला. निघताना त्याने ती पिवळी फुले कोणती, असे विचारले. त्याच्या पोलिसाला ती फार आवडली होती.

बाहेर येऊन मी टॅक्सीत बसलो तेव्हा दादाची गावाकडची ट्रंक माझ्या डोळ्यांपुढे बांधून तयार होती. यार्डाच्या फाटकापाशी उतरताना मला माझाच शब्द आठवला. मी सरळ मॅनेजरसाहेबांच्या खोलीत शिरलो आणि परिपत्रक त्यांच्यासमोर ठेवले. त्यात नुसती ‘नोंद’ म्हटलेली नाही, हलगर्जीपणाने झालेली नोंद म्हटली आहे. साहेबांनी थकलेल्या आवाजात विचारले, मग हलगर्जीपणा कुणाचा?

‘माझा,’ मी म्हणालो. ‘लेखी देतो.’

साहेब मंगळुरी, मोजके बोलणारे. त्यांनी माझा कबुलीजबाब दोनदा वाचला आणि निर्णय दिला: ड्रायव्हर आहे त्या रस्त्यावर राहील, माझ्या फाइलला मात्र ताकीदपत्र लागेल. ‘बट हू विल ड्राफ्ट इट?’ ते म्हणाले. कंपनीत असली पत्रे लिहिणारा मीच होतो. मी ते त्याच दुपारी लिहिले. त्यातली ‘अक्षम्य बेपर्वाई’ त्यांनी पेनने खोडून ‘अनवधान’ केले. मला ते पटले नाही, पण सही त्यांची होती.

दादा लिवाहून परतला तेव्हा मी त्याला जाब विचारला. प्लेट झाकलेली त्याला दिसत होती; हार वर बांधायला दोन मिनिटे लागली असती. सगळा रस्ता गमावण्याची वेळ आणली होती त्याने. तो टायर ठोकून बघत होता, एकेका टायरचा आवाज ऐकत, आण्णा बघत तसाच.

‘आरं वकिला,’ तो म्हणाला, ‘आईनं बांधलेला हार आण्णांनी कधी वाटेत सोडला न्हाई. तू पयल्यांदाच माझ्या गाडीला हात लावलास. मी सोडीन व्हय?’

मी नाक शिंकरून वाळूला दोष दिला.

पुढच्या वर्दीला त्याने मला बरोबर नेले. कार्यालयाची परवानगी मी रीतसर घेतली, तीन प्रतींत. तरीफला वळल्यावर रहदारी संपली, आणि बदा झायेदच्या पुढे दोन्ही बाजूंना लालसर वाळूचे डोंगर उभे राहिले. मध्ये एकच काळा पट्टा आणि त्यावर आम्ही दोघे, मागे चाळीस फूट पाइप. पन्नाशीकडे झुकलेला मी पहिल्यांदाच आमच्या घराण्याच्या धंद्यात काचेच्या या बाजूला बसलो होतो. दादाने गिअर बदलला, मान मोकळी केली आणि गाऊ लागला. शहरात मी त्याला कधी गुणगुणतानाही ऐकले नव्हते. इथे तो पोट भरून, खिडकी उघडी टाकून, देवळातल्या भजनासारखा गात होता. सुराचे मला कळत नाही, पण शब्दांच्या चार चुका होत्या. त्या मी त्याच्या लक्षात आणून दिल्या. त्याने आवाज आणखी चढवला.