हळदीच्या दिवशी न निघालेलं झाकण

आधीच सांगते, भूत, करणी, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नाही. वडनेर भोलजीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. तरी हे लिहितेय, कारण झालं ते सकाळी दहा वाजता, भरल्या मांडवात, वीसेक माणसांसमोर!

मला मायग्रेन आहे. मुलीच्या साक्षगंधाला मी अंधाऱ्या खोलीत डोक्याला ओढणी आवळून पडले होते. बाहेर तिला अंगठी घातली, मी पाहिली ती फोटोत. फार रडले तेव्हा. हळदीला तरी उभी राहणारच, असं ठरवलं होतं.

आणि नेमकं हळदीच्या सकाळी डोळ्यांपुढे चमचम सुरू झाली. बुलढाण्याच्या डॉक्टरांची गोळी घेतली, पण धीर कुठला! जाऊबाईंनी माझ्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या हर्बल कॅप्सूल घरात होत्या. पाकीट फाटलं म्हणून आदल्याच दिवशी मी त्या सासूबाईंच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ओतल्या होत्या.

"घे ना वो दोन," जाऊबाई म्हणाल्या. "झाडपाल्याचंच तं आहे, त्यानं काय होते?"

झाकण निघेना. लाटण्यानं ठोकलं, गरम पाणी ओतलं... नाहीच. दीर पक्कड घेऊन आले, घामाघूम झाले. "काऊन बे, उघडून काऊन नाई राह्यला?" ते डब्यालाच दम देऊ लागले. मांडववालाही येऊन जोर लावून गेला. सगळा मांडव हसतोय, आणि माझं डोकं फुटायला आलेलं!

तेवढ्यात पाटावरून नवरी ओरडली, "आई, डॉक्टरले इचारलं का?"

दिरांनी पक्कड खाली ठेवली. हे वाक्य सासूबाईंचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. कोणी ओवा चघळला तरी त्या हेच विचारायच्या, आणि आम्ही चिडवायचो.

पोरीनंच डॉक्टरांना फोन लावला, फाटक्या पाकिटावरचं वाचून दाखवलं.

"ताई, घेतल्या का तुम्ही?" डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला.

"नाही जी, डबाच उघडत नाहीये."

"मग उघडू नका! त्यात एक पिवळ्या फुलांची विलायती वनस्पती आहे. ती आणि तुमची गोळी मेंदूत एकाच ठिकाणी जोर करतात. छाती धडधडते, हातपाय थरथरतात, ताप चढतो... जिवावरही बेतू शकतं. हर्बल असलं म्हणून काय झालं, तेही औषधच. गोळीला वेळ द्या, पडून राहा."

जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. मीच त्यांना जवळ घेतलं.

माझ्यासाठी हळद तासभर थांबवली. गोळीनं आपलं काम केलं आणि मी उठले! लेकीच्या गालाला माझ्या हातानं हळद लावली, तिनं माझं नाकही पिवळं केलं. आयुष्यात इतकी कधी नाचले नव्हते मी. दमून आत आले, कॅप्सूल फेकाव्यात म्हणून टेबलावरून डबा उचलला, तेल-हळदीच्या हातानं अंगठा लावला... आणि झाकण टपकन निघालं.

दीर म्हणतात, पाण्यानं तापलेलं स्टील थंड झालं म्हणून. असेल. पण मग आधी, थंड असताना का नाही निघालं? आणि तेलकट हात तर उलट घसरायला हवा ना? मुलांना प्रसरण शिकवते मी, तरी मला सांगता येत नाही.

कॅप्सूल फेकल्या. डब्यात आता शेंगदाण्याचे लाडू असतात, झाकण कधीच अडत नाही. तरी उघडताना तोंडातून निघतंच, "इचारलं वो आई, इचारलं!"