डॅमेज खोक्यातल्या गोड गोळ्या

माझा धाकटा भाऊ सोमा भिवंडीत माझ्या शेजारच्याच खोलीत राहतो आणि दापोड्याच्या गोडाऊनमध्ये हमाली करतो. तिथली रीत अशी, की खोका फाटला की आतला डॅमेज माल कामगारांनी वाटून घ्यायचा. एकदा चहात टाकायच्या गोड गोळ्यांच्या डब्या आल्या. डबीवर मराठीत ठसठशीत लिहिलेलं, ‘डायबिटीसची चिंता सोडा!’ हे औषध नव्हे, एवढं मात्र मुंगीएवढ्या इंग्रजीत.

सोमाला डायबिटीस. त्याने डॉक्टरांच्या गोळ्याच बंद केल्या. “ही पण गोळी, ती पण गोळी. दोन-दोन कशाला?” वर भाताचं ताट दुप्पट. मी ओरडले की डबी पुढे करायचा. छापलेलं खोटं असतं का, म्हणे!

मग पायात खिळा घुसला. जखम चिघळली आणि अंगठा कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, “बाई, ही गोळी चहा गोड करते, डायबिटीस बरा करत नाही.” अरे, मग हेच डबीवर मोठ्या अक्षरांत लिहायला कुणाचा हात मोडला होता?

संतापाच्या भरात उरलेल्या सगळ्या डब्या मी चाळीच्या कचऱ्यात फेकल्या.

परवा समोरच्या मेघालीने चहा दिला. पहिल्याच घोटाला सोमाच्या चहाची तीच चव जिभेला चिकटली. “यात काय टाकलंस?” मी विचारलं.

“कौसल्यामावशी, तुम्ही टाकलेल्या डब्या मीच उचलल्या,” ती हसत म्हणाली. “किती चांगल्या हायत! आईच्या डायबिटीसच्या, डॉक्टरनी दिलेल्या गोळ्या आता बंदच केल्या.”