काचेला लावलेलं डोकं

रफूवाल्याची एक खोड होती. गिऱ्हाइकानं कोट पुढ्यात टाकला की आधी तो उजेडाकडे धरायचा, भोकं मोजायची, मगच तोंड उघडायचं.

त्याच्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या नसांचं आवरण कुरतडणारं दुखणं. डावा पाय ओढत चालायची, पण जिभेला धार तीच. नवा एमआरआय झाला, फिल्म हाती आल्या. “नवे डाग दिसले तर औषध लागू पडत नाही असं समजायचं,” हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं. भेटीला अजून काही दिवस होते. पण याला कुठला धीर! बायको आंघोळीला गेली, तसं यानं मागच्या आणि यंदाच्या फिल्म घरापुढच्या दुकानाच्या काचेला टेकवल्या आणि पांढरे ठिपके मोजले. यंदाचे दुपटीहून जास्त. त्यानं पुन्हा मोजले. तेवढेच.

त्या दिवसापासून गडी मुका झाला. भाजी खारट झाली तरी निमूट गिळायचा. ती उठली की हा कोपर धरायला हजर.

“अहो, बरं नाही का तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय?”

“मग भांडत का नाही?”

यावर तो सुईत दोरा ओवत बसायचा. ओवलेलाच.

भेटीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर चित्रं पुढे-मागे सरकवली आणि म्हणाल्या, “छान. नवीन काही नाही.”

“बाई, खोटा दिलासा नको!” रफूवाला उसळला. “मी मोजलेत.”

“काका, मागच्या वेळी मेंदूचे काप जाड घेतले होते, यंदा पातळ. एकच डाग तीन-तीन चित्रांत उतरलाय. तुम्ही तो तीनदा मोजलात.” मग त्यांनी दुसरं चित्र उघडलं. “नुकसान बघायचं तर हा काळा डाग. पांढऱ्यात बरंच काही तगून असतं, इथलं मात्र गेलंय. जुनाच आहे, वाढलेला नाही.”

त्यानं पडद्याला हलकेच बोट लावलं. “हे भरणार नाही?”

“नाही. पण भोवतालचं शाबूत आहे. ते सांभाळायचं.”

एवढं रफूवाल्याला कुणी समजावायची गरज नव्हती. त्यानं मान हलवली.

“बघा बाई!” बायको कडाडली. “डोकं माझं, मोजणार हे! आणि मला वाटलं, यांचंच काही दुखतंय.” बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला.

बाहेर लांबच लांब व्हरांडा होता. त्यानं सवयीनं कोपर धरलं.

“सोडा. नवीन काही नाही म्हणाल्या ना?”

त्यानं सोडलं. ती पाय ओढत, भिंतीला बोटं लावत पुढे निघाली. हा अर्धं पाऊल मागे, हात तिच्या पाठीशी, न टेकवता.

“आणि काल भाजी खारट होती,” तो म्हणाला.

“हं,” ती वळून न बघता म्हणाली, “आता आलात माणसात.”