पालकाची सही

मला पालकांच्या रांगेत बसवायला निघाले, तिथून सगळं सुरू झालं.

बारामतीच्या कॉलेजात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या नव्या मुलांचा पहिला दिवस होता. हॉलच्या दारात एक मुलगी प्रत्येकाला गुलाब आणि पेन देत होती. मला तिनं नुसता नमस्कार केला. "आजी, पालक मागं बसतात. पंख्याखाली बसा."

"गुलाब राहू दे," मी म्हटलं, "पेन तेवढं दे. मला लिहून घ्यायचंय."

तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. करत होतेच, पण हातात प्रवेशाची पावती धरून. ती पावती तिनं दोनदा वाचली आणि मला गुलाबही दिला.

बासष्टाव्या वर्षी प्रवेश घेतला म्हणून कुणी कौतुक करू नये, मला ते सोसत नाही. बी.एस्सी. गणित घेऊन केलं, भवानीनगरला नांदले, कारखान्याच्या ऑफिसात उसाच्या नोंदी करत नोकरी संपवली. नोंदी वहीतून कॉम्प्युटरवर गेल्या तेव्हा सगळ्या खात्यात तो आधी मला आला. हा डबा आतून चालतो कसा, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. ते विचारायला आले होते. एवढंच.

मी दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. समोर प्रोजेक्टर चालेना. कॉम्प्युटर शिकवणारी पाच माणसं एका वायरीवर वाकून उभी होती. ते बघून मला फार धीर आला.

मग विभागप्रमुख बाई बोलल्या. चाळिशीच्या असतील, आवाज गोड. हजेरी किती लागते, लॅबमध्ये चप्पल बाहेर काढायची, दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवायचा नाही. शेवटी म्हणाल्या, रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र आज पाचच्या आत द्यायचं. एक विद्यार्थ्याचं, एक पालकाचं. कागद पुरे नसतील त्याची जागा उद्या प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीवर गेले. आतल्या क्लार्कनं माझं हमीपत्र बघितलं. "दुसऱ्या पानावर पालकाची सही राहिली, मावशी."

"मीच करते की."

"तुम्ही विद्यार्थी. पालक वेगळा लागतो. मिस्टर?"

"ते गेले."

"मग मुलगा?"

"मी त्याला शाळेत घातलंय. तो माझा पालक कसा?"

"फॉर्म मी केला नाही, मावशी." त्यानं डबा उघडला. भेंडी होती.

गडबड ऐकून विभागप्रमुख बाई आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, एवढी दगदग कशाला? आमच्याकडं ज्येष्ठांसाठी छान छोटा कोर्स आहे. मोबाईल, ऑनलाइन बिल भरणं. आठवड्यातून एकदा यायचं."

"बिलं मी भरते," मी म्हटलं. "तुमच्या प्रोजेक्टरची वायर उलटी लावली होती, तेही मला दुसऱ्या रांगेतून दिसत होतं."

बाई हसल्या. पण म्हणाल्या, "कागद मात्र पाचलाच लागेल."

मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, दोन मिनिटांत सही करून फोटो पाठवतो." गुणी पोरगं आहे. आणि मी नको म्हटलं. का, ते कळायला तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगायला पाहिजे.

ती मुलगी बावीस वर्षांची. दोन वेण्या, लग्नाला सहा महिने. पुण्याला कॉम्प्युटरचा नवा अभ्यासक्रम निघाला होता आणि हिला प्रवेश मिळाला होता. फॉर्मवर हाच रकाना: पालकाची सही. लग्न झालेली, म्हणजे सही सासऱ्यांची, असं हिनं आपलं आपणच ठरवलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसायचे. ही तीन सकाळी फॉर्म पदराखाली घेऊन दाराआड उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आबांनीच चष्म्यावरून बघितलं. "काय गं, काय पाहिजे?"

आणि ही शहाणी म्हणाली, "चहा आणू का?"

चहा आणला. फॉर्म ट्रंकेत शालूखाली गेला, मुदत टळली. पुढं कुणी विचारलं, की मान खाली घालून सांगायची, "आबा सही देईनात." नवऱ्याला तेच, माहेरी तेच. हळदीकुंकवाला बायका हळहळायच्या आणि ही पदर डोळ्याला लावायची. नाटक कंपनीत गेली असती तर नाव काढलं असतं कार्टीनं. आबा बिचारे मरेपर्यंत तिच्या हातचा चहा पीत राहिले. त्यांना पत्ताच नव्हता, की त्यांनी सुनेचं शिक्षण मोडलं.

म्हणून मुलाची सही नको होती. सही एकदा चुकीच्या दारात मागायला गेले होते, आणि मागितलीही नव्हती. खरी पालक तेव्हाही होती आणि आजही आहे. वडगाव निंबाळकरला, माझ्या धाकट्या भावाकडं. वय ब्याऐंशी, दात चार, कान शाबूत.

दीडची एसटी धरली. आई अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या परतत होती. मी हमीपत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजी तू कॉलेजात कुणाची खोड काडनार न्हाईस, ह्याची हमी मी द्यायची?"

"व्हय."

"मग न्हाय जमायचं. खोटं कशापायी लिवू?"

भाऊ टेम्पोत टोमॅटोचे क्रेट चढवत होता, तो तिकडून हसला. मी म्हटलं, "आई, पाचच्या आत न्यायचाय. चेष्टा पुरे."

तिचा मिरच्या परतणारा हात थांबला. मग म्हणाली, "तवा का आनला न्हाईस असला कागद? त्या मानसानं सही दिली न्हाय, तर मी दिली असती. तुजं शिकायचं मोडलं त्यांनी, म्हनून मी त्यांच्या दारात पानी प्याले न्हाय. जावळाला आले, तशीच उपाशी माघारी आले. मयतीलासुदिक गेले न्हाय मी."

हे मला माहीत नव्हतं. जावळाच्या दिवशी तिचं पोट बिघडलंय, असं तिनंच मला सांगितलं होतं.

दोन वाजून गेले होते. न सांगता सही घेऊन निघता आलं असतं. बावीस वर्षांची ती तर नक्की निघाली असती. मी मिरच्यांशेजारी बसले. "आबांनी न्हाई म्हटलंच नव्हतं. मी विचारलंच नाही. भ्याले."

"कशाला?"

"ते व्हय म्हणतील याला. मग पुण्याला जावं लागलं असतं."

आईनं हातातली मिरची खाली टाकली. "चाळीस वरसं मला त्या देवमानसाचा राग राग करायला लावलास," ती म्हणाली. "भवानीनगरला यीन मी. त्यांच्या फोटोपुडं बसून जेवनार हाय. पुरनाची पोळी कर." मग मिरचीचे हात लुगड्याला पुसले. "आन पेन."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही. एकेक अक्षर रोप लावल्यासारखं लावत गेली. चौकटीत मावली नाही, खालच्या ओळीवर उतरली. 'विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यात मी 'आई' लिहिलं.

भावाच्या टेम्पोत टोमॅटोबरोबर मी बारामतीला आले. मार्केटला जायच्या आधी त्यानं मला कॉलेजच्या फाटकावर सोडलं. पाचला दहा कमी होते. क्लार्कनं कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही कुणाची सही?"

"माझ्या पालकांची."

"मावशी, पालकांचं वय?"

"त्या रकान्यात वय विचारलेलं नाही. फॉर्म तुम्ही केला नाही, मीही केला नाही."

त्यानं वर बघितलं, मग फोन उचलला. पालकांना फोन करून खात्री करायची, असा नियम होता. नियम असेल तर असू दे. पलीकडून आईचा आवाज खिडकीबाहेर मला ऐकू आला.

"व्हय, माजीच हाय ती. बसू द्या तिला म्होरं. आन कुनाला तरास दिला, तर मला कळवा, मी येते."

क्लार्कनं शिक्का मारला. पालकाच्या नंबरावर गैरहजेरीचा निरोप जातो, तिथं त्यानं आईचा नंबर टाकला. पोरं हसतात. हसू देत. त्यांच्या आया ते निरोप उघडूनही बघत नाहीत. माझ्या आईला भाऊ निरोप वाचून दाखवतो आणि ती लगेच फोन करते, "आज कुठं व्हतीस?"

विभागप्रमुख बाई अजून अधूनमधून त्या छोट्या कोर्सचं नाव काढतात. मी त्यांना सांगून ठेवलंय, मला दुसऱ्या बाकावरून उठवायचं असेल, तर आधी माझ्या पालकांना भेटा.