छप्पर काढलेली गाडी आणि ओरेस्ते

ओरेस्ते मालागोली आमच्या शहरातल्या कारखान्याच्या गाड्या चालवून पास करायचा. त्याची सही झाल्याशिवाय गाडी विक्रीला जात नसे. एकतीस वर्षं हे चाललं. इथं मोडेनात माझ्यासारख्या निवृत्त नटाला लोक टोपी काढून नमस्कार करत, पण ओरेस्ते दिसला की हातातला ग्लास खाली ठेवत.

ईस्टरनंतर तो निवृत्त होणार होता. शेवटची गाडी आली ती बिनछपराची; हवं तर वर कापडी छप्पर चढवता येई. इंजिन सीटच्या मागे, अगदी पाठीला चिकटून. सगळं वजन मधोमध. नाक इतकं हलकं की वळायचं नुसतं मनात आणलं तरी वळेल. दोन माणसं बसली असताना गाडी कशी वागते हे बघायचं होतं. दुसऱ्या माणसाच्या जागी ठेवलेली वाळूची पोती वळणात सरकत, म्हणून त्यानं मला गाठलं.

"नाटक्या, किती वजन तुझं?"

"ऐंशी. कपड्यांसकट."

"झकास! पोतं तेवढंच असतं, फक्त ते बडबडत नाही."

शहराबाहेर डोंगरात, सेर्रामाझ्झोनीच्या चढावर पहिल्याच दिवशी घोळ झाला. एका लांब डाव्या वळणात गाडीची शेपटी, म्हणजे मागची बाजू, घसरून बाहेर सुटली. ओरेस्तेनं सावरली, पण त्याचा चेहरा पडला. दुसऱ्यांदा तीच गाडी त्याच वळणात लोण्यासारखी गेली. तिसऱ्यांदा परत शेपटी.

"छप्पर कापलं की सांगाडा ढिला पडतो," तो म्हणाला आणि चालत्या गाडीत दारावर तळवा ठेवून बसला. दार थरथरत नव्हतं. त्यानं टायरमधली हवा बदलली, मला बूट काढायला लावले, शेवटी जेवणात क्रेशेंतीने नावाच्या आमच्याकडच्या छोट्या रोट्या कमी खा म्हणाला. मी कमी खाल्ल्या. शेपटी सुटायची तेव्हा सुटतच राहिली.

चौथ्या दिवशी तो इंजिनीअर इव्होन बेर्गोंझिनीच्या टेबलासमोर उभा होता. सहीचा कागद कोरा.

"सिन्योर, दोष कुठंय ते सांगा, मी दुरुस्त करते," ती म्हणाली. "सोमवारी मालक विचारणार."

"कळत नाही."

एकतीस वर्षांत हे दोन शब्द त्याच्या तोंडून तिथं कुणी ऐकले नव्हते. मागच्या टेबलावर कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारा झाला." ओरेस्तेनं ते ऐकलं.

इव्होननं गाडीत वेग नोंदवणारं यंत्र बसवलं. वळणातून परत आल्यावर तिनं विचारलं, "कितीनं शिरलात?"

"नव्वद."

"सत्त्याण्णव."

"यंत्र खोटं बोलतंय."

"मग मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय का उचललात?"

"वेग जास्त वाटला म्हणून..." तो थांबला. इंजिन मध्ये असलेल्या गाडीत वळणात पाय उचलला की मागच्या चाकांवरचं वजन जातं आणि शेपटी सुटते. हे त्यानंच कारखान्यातल्या पोरांना शिकवलं होतं.

मला एकदम आमचा किल्ल्यातला उघड्यावरचा प्रयोग आठवला. नाटकगृहात भिंती तुमचा आवाज तुम्हाला परत देतात. उघड्यावर काहीच परत येत नाही, आणि नट नकळत ओरडायला लागतो.

"ओरेस्ते," मी म्हणालो, "तू वेगाच्या काट्याकडे कधी बघतोस?"

"कशाला बघू? कान आहेत ना."

"कानाला आवाज परत देणारं छप्परच काढलंय की!"

तो माझ्यावर उखडला. "नाटक करू नकोस!" म्हणाला. मग कापडी छप्पर चढवून त्याच वळणातून गेला: नव्वद. छप्पर उतरवलं आणि काट्याकडे बघत गेला: नव्वद. गाडी लोण्यासारखी. छप्पर तसंच उघडं ठेवून कानानं गेला: शहाण्णव, आणि शेपटी. तो गाडीतून उतरला आणि रस्त्याच्या कडेला आकडे टिपत उभ्या असलेल्या इव्होनकडे गेला.

"म्हणजे गाडीत दोष नाही," इव्होन खुशीत म्हणाली. "करा सही."

"दोष नाही. पण तिनं मला फसवलं. मला फसवलं तर गिऱ्हाइकाला सोडेल?"

"गिऱ्हाईक काट्याकडे बघतं, सिन्योर."

"आभाळ बघायला छप्पर काढतं आणि मग काटा बघत बसतं? मग काढतं कशाला?"

ओरेस्तेनं सहीचा कागद गाडीच्या मागच्या झाकणावर ठेवला. झाकण तापलेलं होतं, हात भाजत होता, तरी तो तिथंच टेकून बराच वेळ लिहीत बसला.

इव्होननं वाचलं: "गाडी उत्तम. मात्र हिची परीक्षा, जो आयुष्यभर छपराच्या गाड्या कानानं चालवत आला नाही, अशा माणसानं घ्यावी." खाली सही नव्हती.

"सिन्योर, याला होकार समजू की राजीनामा?"

"मला कळलं असतं, पोरी," ओरेस्ते तिच्या हातात किल्ली देत म्हणाला, "तर सही नसती का केली?"

मग तो माझ्या जागेवर, पोत्याच्या सीटवर जाऊन बसला आणि तिनं गाडी चालू करण्याची वाट बघू लागला.